कोच स्टोवॉलचा पस्तिसावा हंगाम

“तू तोंड उघडायचं नाहीस,” प्रेस्टन गाडी वळवत म्हणाला. “मी तुला सांगितलंय हेच मुळात नियमाबाहेरचं आहे.”

चर्चमध्ये लॉर्ना आज वडिलांच्या मागच्याच बाकावर बसली होती आणि पूर्ण तासभर तिने त्यांच्या मानेशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. उन्हाने रापलेली, आडव्या उभ्या सुरकुत्यांची ती मान एकदाही झुकली नाही. प्रार्थना संपल्यावर आवारात थांबून चार माणसांशी वाद घातल्याशिवाय रॉइस स्टोवॉल कधी घरी गेला नव्हता. कालचा सामना का हरलात, हे कोचला तोंडावर विचारायची मार्बल फोर्क गावाला तेवढीच संधी असायची. आज मात्र त्याने टोपी डोक्यावर दाबली आणि सरळ ट्रकमध्ये जाऊन बसला.

“नऊपैकी किती मतं पडली?” तिने विचारलं.

“लॉर्ना.”

“किती?”

“नऊ.”

“म्हणजे तुझंही.”

“आठ पडल्यावर माझ्या एकाने काय फरक पडला असता?”

“आज त्यांच्या टेबलावर जेवताना मान वर करता आली असती तुला.”

प्रेस्टन कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर होता आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी सासऱ्याला ‘कोच’च म्हणायचा. गावात सगळेच म्हणायचे. लॉर्नाला लहानपणी वाटायचं, वडिलांचं ते पाळण्यातलं नावच आहे.

आईने कॅटफिश तळले होते. बटर बीन्स होते, मक्याचा पाव होता, बर्फ घातलेल्या गोड चहाचा मोठा जग होता. डेल आधीच येऊन बसला होता. लॉर्नाचा हा धाकटा भाऊ त्रेचाळीस वर्षांचा, त्यातली सोळा वर्षं कॉलेजच्या बेसबॉल संघात वडिलांच्या हाताखाली सहायक कोच. चार वर्षांपूर्वी त्याची बायको टल्साला निघून गेली होती. आठवड्यातले चार दिवस संघाच्या बसमध्ये काढणाऱ्या माणसाशी संसार होत नाही, एवढंच सांगून. आज त्याचे डोळे सुजलेले होते.

रॉइसने जेवणाआधीची प्रार्थना दोन वाक्यांत उरकली, काटा उचलला आणि परत खाली ठेवला.

“उद्या दहा वाजता कॉलेज जाहीर करणार आहे की कोच स्टोवॉल निवृत्त होतोय,” तो म्हणाला. “गुरुवारी संघ स्पर्धेला जाईल तो माझ्याशिवाय. कारण काय, तर प्रकृती. लॉर्ना, माझी प्रकृती कशी दिसते तुला?”

“चांगली दिसते, डॅडी.”

“घोड्यासारखी आहे. प्रेस्टन, तुला तर माहीतच असेल.”

“कोच, मला त्याबद्दल बोलता—”

“नको बोलूस. बीन्स घे.” त्याने भांडं पुढे सरकवलं. “कॉलेजच्या अध्यक्षाने, लिंडक्विस्टने, काल मला त्याच्या ऑफिसात बसवलं. पाणी विचारलं. मग म्हणाला, मार्चमध्ये मिझुरीत काय झालं ते मला कळलंय.”

मिझुरीत काय झालं ते टेबलावरच्या पाचही जणांना एव्हाना ठाऊक होतं. लॅमार पेटिग्रू हा संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीतला क्षेत्ररक्षक, वीस वर्षांचा. नवव्या, शेवटच्या डावात त्याला चेंडू नुसता अडवून जवळच टाकायची खूण केलेली असताना त्याने बॅट पूर्ण फिरवली आणि बाद झाला. सामना गेला. नंतर सामानाच्या खोलीत रॉइसने त्याला उलट्या हाताने मारलं. त्या हातात अठ्ठ्याऐंशी सालच्या विजेतेपदाची जाडजूड अंगठी होती. मुलाचे पुढचे दोन दात तुटले. सगळ्यांना सांगितलं गेलं की सरावात चेंडू उसळून तोंडावर बसला.

“लॅमारने कबूल केलं म्हणे,” रॉइस पुढे म्हणाला. “पण विचारल्यावर. आपणहून नाही. म्हणजे लिंडक्विस्टच्या कानावर आधी कुणीतरी घातलं. त्या खोलीत तिघंच होतो. मी, तो पोरगा आणि डेल.”

“डॅडी,” डेल म्हणाला.

“आणि माझ्या जागी कोण येणार, ते विचारलं तर लिंडक्विस्ट टेबलाकडे बघत बसला. मला न सांगण्यासारखं कुणाचं नाव असणार?”

“मी नाही सांगितलं, सर.”

“सोळा वर्षं. सोळा वर्षं माझ्या शेजारी बसून तू बघत होतास की म्हातारा कधी घसरतो.”

“मी नाही सांगितलं.”

“मला सरळ म्हणायचंस! डॅडी, आता बास करा, मला द्या. मी दिलं असतं!”

नसतं दिलं, लॉर्नाच्या मनात आलं. तिला खरं माहीत होतं. काल रात्री प्रेस्टनने सगळं सांगितलं होतं. एक वाक्य बोलली असती तर डेल तिथल्या तिथे सुटला असता. पण ती बोलली नाही. तिला आठवली ती आठ वर्षांची लॉर्ना, जिला मैदानाच्या जाळीबाहेर उभं केलं जायचं, आणि आत वडिलांच्या मांडीवर बसलेला सहा वर्षांचा डेल. एकदा त्यालाही बाहेर उभं राहू दे, असं काहीतरी तिच्या आत म्हणालं. ते ऐकून तिची तिलाच किळस आली, तरी ती गप्पच राहिली.

---

लिंडक्विस्टला पत्र आईने, नडीनने, लिहिलं होतं.

बारा दिवसांपूर्वी, याच टेबलावर बसून. एक पान, खाली पूर्ण नाव आणि सही.

पेटिग्रूच्या घरून फोन आला नसता तर ती कदाचित शेवटपर्यंत गप्प बसली असती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती पुष्कळ गोष्टींवर गप्प बसली होती; मिझुरीहून परतल्या रात्री रॉइसने तिला सगळं सांगितलं तेव्हाही. पण मे महिना लागताच एका सकाळी लॅमारच्या आईचा, अडेलचा, फोन आला. ती चाळीस मैलांवर हार्मनला कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. कामावरून नुकतीच आली होती. म्हणाली, “मिसेस स्टोवॉल, कोचनी दातांचा सगळा खर्च स्वतः केला हो. माझ्याच्याने झालाच नसता. असा माणूस माझ्या पोराला भेटला, मी रोज देवाचे आभार मानते.” नडीन म्हणाली, “तसं काही नाही, त्यात काय एवढं.” आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन ओकली.

तिने ठरवलं होतं की रॉइसला आपणच सांगायचं. काल रात्री तो परत आला तेव्हा सांगायचं होतं. सकाळी चर्चला निघताना सांगायचं होतं. आणि आता तिचा मुलगा तिच्या समोर बसून तिच्या वाटणीचा मार खात होता.

“तुला मी काय कमी केलं?” रॉइस डेलला विचारत होता. “सांग ना. सगळ्यांसमोर सांग.”

“काही नाही, सर.”

“सर सर करू नकोस मला!”

लॉर्नाने पाण्याचा ग्लास आपटला. “प्रेस्टन, सांग त्यांना.”

“लॉर्ना, मी सांगू शकत नाही, मंडळाची—”

“तुझं मंडळ गेलं खड्ड्यात. तू सांगतोस की मी सांगू?”

प्रेस्टनने तोंड पुसलं. त्याने सासऱ्याकडे न बघता मिठाच्या बाटलीकडे बघत सुरुवात केली. “संघ केंड्रिककडे जातोय, कोच.”

“कोण केंड्रिक? आपला ज्युनियर सहायक केंड्रिक? तो अठ्ठावीस वर्षांचा आहे! त्याला अजून खुणा नीट देता येत नाहीत.”

“आधी डेलचंच नाव होतं. काल दुपारपर्यंत. मंडळातल्या कुणाची हरकत नव्हती. लॅमारने लिंडक्विस्टना सगळं खरं सांगितलं होतं, त्यात डेलने त्याला काय बोलायला लावलं तेही होतं. तरीही ते म्हणाले, कोचचा मुलगा आहे, अडकला असेल, एकदा त्याच्या तोंडून ऐकू. त्यांनी सामन्याआधी डेलला बोलावलं. खरं बोललास तर गुरुवारपासून संघ तुझा, असं सरळ सांगितलं.”

“मग?”

“मग डेल म्हणाला की चेंडू उसळला होता.”

कुणीतरी काटा खाली ठेवला. प्रेस्टन पुढे म्हणाला, “तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा तो तेच म्हणाला. उद्याच्या पत्रकात त्याचंही नाव आहे. तुमचं निवृत्त म्हणून. त्याचं नुसतंच, करार संपला म्हणून.”

नडीनने मुलाकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. पत्र टाकताना तिने मनाशी हिशोब केला होता की रॉइस जाईल, डेलला त्याचं हक्काचं मिळेल, आणि एक दिवस दोघेही तिला माफ करतील.

“पत्र मी लिहिलं,” ती म्हणाली.

तिचा आवाज इतका हळू होता की रॉइसने “काय?” म्हणून विचारलं.

“लिंडक्विस्टला पत्र मी लिहिलं. डेलने नाही. मी.”

---

डेलला वाटलं होतं, वडील आता उठतील, ओरडतील, खुर्ची फेकतील. पंचांच्या अंगावर धावून गेलेले ते त्याने शेकडो वेळा पाहिले होते. पण रॉइसने बायकोकडे नुसतं पाहिलं, बराच वेळ. मग त्याने मान वळवली आणि ज्याच्यावर ओरडायची सवय होती त्याच्यावरच ओरडला.

“गाढवा! मग तू खरं का नाही सांगितलंस?”

डेलला आधी हसू आलं. ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

“माझं तर गेलंच होतं! पोराने कबूल केलं होतं! तुझ्या खोटं बोलण्याने कुणाला काय मिळालं? साठ वर्षं हा संघ स्टोवॉलांच्या घरात आहे आणि तू तो त्या केंड्रिकच्या हातात दिलास? कशासाठी?”

कशासाठी. काल लिंडक्विस्टच्या ऑफिसात डेलने स्वतःला तेच विचारलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर सामानाच्या खोलीची सिमेंटची जमीन होती. गुडघ्यावर बसून त्याने दोन दात वेचले होते, टॉवेलच्या कोपऱ्यात बांधले होते. दुसऱ्या हाताने लॅमारची हनुवटी धरली होती. ‘चेंडू उसळला आणि तोंडावर बसला. कळलं?’ आणि ज्या पोराला त्याने तीन वर्षं खपून चेंडू उचलून वळायला शिकवलं होतं, त्या पोराने रक्ताने भरलेल्या तोंडाने मान हलवली होती. डेलवर त्याचा विश्वास होता म्हणून.

“मला वाटलं,” डेल म्हणाला, “तुम्ही माझ्या जागी असता तर हेच केलं असतंत. ग्रँडडॅडींसाठी.”

“असतंच केलं!”

“नाही,” नडीन म्हणाली.

“नडीन, तू आता एक शब्द—”

“नाही केलं त्याने, डेल. तो तुझ्या जागी होता. एकाहत्तर साली.”

लॉर्नाने मान वर केली. घरात त्या सालाची एकच गोष्ट सांगितली जायची. आजोबा एमॉस स्टोवॉल, ज्यांनी फावड्याने माती ओढून कॉलेजचं मैदान तयार केलं, त्यांनी हंगामाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या संघासमोर स्वतःची टोपी काढून रॉइसच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, आता तू. ही गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली होती. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी रॉइस ती नव्या मुलांना सांगायचा.

“टोपीबिपी काही नव्हती,” नडीन म्हणाली. “तुमचे आजोबा प्यायचे. चेंडूंच्या पिशवीत बाटली असायची. हा एका रविवारी तेव्हाच्या अध्यक्षांच्या घरी गेला आणि सगळं सांगून आला. कुठल्या सामन्याला, कुठल्या बसमध्ये, सगळं तारखांसकट. मी बाहेर गाडीत बसले होते. लॉर्ना, तू मागच्या सीटवर झोपली होतीस. सोमवारी म्हाताऱ्याला काढलं. नंतर चार वर्षं जगला तो, पण त्या मैदानावर पाय ठेवला नाही, आणि आपल्या घरातही नाही.”

“तो पिऊन पडायचा!” रॉइस म्हणाला. आता त्याचा आवाज चिरकला. “एकदा बस स्वतः चालवायला निघाला होता. बावीस पोरं होती आत! मी काय करायला हवं होतं?”

“तू केलंस तेच. तू बरोबर केलंस, रॉइस. म्हणून मी तुला तेव्हा काही बोलले नाही. आजही त्याबद्दल बोलत नाही.” तिने डेलकडे बोट केलं. “पण या पोराला तू दुसरीच गोष्ट सांगितलीस. आणि तो आयुष्यभर ती खरी धरून चालला.”

बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू झालं. प्रेस्टन उगाचच ताटातला पाव कुस्करत होता.

डेल उठला. खुर्ची नीट आत सरकवली, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं, हात धुतले.

“कुठे चाललास?” लॉर्नाने विचारलं. मग घाईघाईने म्हणाली, “डेल, मला रात्रीपासून माहीत होतं. मी लगेच बोलायला हवं होतं.”

“बोललीस ना शेवटी.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “मी हार्मनला चाललोय. लॅमारच्या आईकडे. तिला अजून काही माहीत नाही. पोराने लिंडक्विस्टकडे तेवढंच मागितलं होतं, की आईला मी माझं सांगेन. पण तिला खोटं सांगायला त्याला मी लावलं. तेव्हा आधी मी जातो.”

“त्याने काय होणार आहे आता?” रॉइस म्हणाला.

“काही नाही.” डेल दारात थांबला. “डॅडी, पाऊण तासाचा रस्ता आहे. तुम्हाला माझ्याआधी बोलायचं असेल तर फोन आहे.”

त्याने आईचा निरोप घेतला नाही. नडीन त्याच्या मागे पायरीपर्यंत गेली. “डेल, मला वाटलं होतं तुला मिळेल ते,” ती म्हणाली.

“माहीत आहे, मम्मा,” तो म्हणाला आणि ट्रकचं दार ओढून घेतलं.

---

रॉइस स्टोवॉल टेबलाशी एकटाच बसून राहिला. लॉर्ना आणि प्रेस्टन स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. नुसता नळाचा आवाज येत होता. नडीन कुठे होती त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची इच्छाही नव्हती.

आठशे एकोणनव्वद सामने त्याने जिंकले होते. हा आकडा त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. त्यातला एकही सामना आत्ता त्याच्या मदतीला येत नव्हता. त्याला राहून राहून बापाचं तोंड आठवत होतं. रस्त्यात समोरासमोर आले तेव्हा एमॉस म्हणाला होता, “खरं तेच सांगितलंस, पोरा. फक्त मला आधी सांगायचं होतंस.” तेव्हा त्याला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता.

चाळीस मिनिटं गेली. मग तो उठला आणि बोळातल्या फोनपाशी गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात नडीनच्या अक्षरात पेटिग्रूंचा नंबर होता. त्याने दोनदा फिरवला आणि दोनदा शेवटच्या आकड्याआधी ठेवून दिला. तिसऱ्यांदा पलीकडे घंटी वाजली.

“हॅलो?”

“मिसेस पेटिग्रू, मी रॉइस स्टोवॉल बोलतोय.”

“कोच!” तिचा आवाज एकदम उजळला. “अहो, तुम्ही स्वतः? रविवारचा फोन? मी मिसेस स्टोवॉलना म्हटलं होतं, पण तुम्हाला स्वतःला थँक्यू म्हणायचं राहिलंच होतं. नवे दात इतके छान बसलेत, फोटोत कळतसुद्धा नाही. माझी बहीण म्हणाली, आधीपेक्षा बरा दिसतो!”

“हं,” रॉइस म्हणाला.

“तो आज संध्याकाळी येणारे. काहीतरी सांगायचंय म्हणाला. मला वाटतं पोरगी पटवलीय कुठलीतरी.” ती हसली. “गुरुवारी आम्ही सगळे येतोय हं स्पर्धेला. मी कारखान्यात रजा टाकलीय. तुम्ही जिंकणारच.”

“मिसेस पेटिग्रू, मी फोन केला तो—”

“तुम्ही नसता तर त्याचं काय झालं असतं, कोच? बाप नाही त्याला. तुम्हीच आहात.”

रॉइसने तोंड उघडलं. ते वाक्य त्याच्या जिभेवर होतं, जेमतेम चार-पाच शब्दांचं. तो ज्या पोरांना पस्तीस वर्षं सांगत आला होता की चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे नाहीत, त्या पोरांपैकी कुणीही ते वाक्य बोलून टाकलं असतं.

“आभारी आहे,” तो म्हणाला.

“आभार कसले मानता! थांबा हं, कुत्रं भुंकतंय. कुणीतरी आलंय अंगणात. अगं बाई, हा तर तुमच्या कॉलेजचा ट्रक! तुमचा डेल आहे, कोच! तुम्ही सांगितलं का नाहीत तो येतोय म्हणून? फोन ठेवू नका, थांबा.”

रिसीव्हर कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. फोन ठेवून देता आला असता. रॉइस उभाच राहिला. लांबून त्याला दाराची कडी ऐकू आली, टीव्हीवर चाललेलं गाणं ऐकू आलं, मग ते बंद झाल्याचं ऐकू आलं. अडेल म्हणत होती, “बस ना, चहा टाकते,” आणि त्याचा मुलगा म्हणत होता, “नको, मी बसत नाही. आधी ऐकून घ्या. नंतर तुम्ही म्हणाल तर बसेन.”

पुढचं सगळं त्याने ऐकलं. डेल सावकाश बोलत होता. त्याने वडिलांच्या हाताचं सांगितलं, अंगठीचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं, आणि स्वतःच्या वाक्यापाशी आल्यावर ते वाक्य शब्दनशब्द म्हणून दाखवलं. कुठलीच सबब सांगितली नाही.

मग पावलं वाजली. कुणीतरी रिसीव्हर उचलला. श्वास ऐकू येत होता.

“कोच?” ती म्हणाली. “तुम्ही आहात का अजून?”

रॉइसचा हात हळूहळू खाली यायला लागला, रिसीव्हर ठेवून द्यायला निघाला. तेवढ्यात मागून दुसरा हात आला आणि त्या हाताने रिसीव्हर काढून घेतला. नडीन केव्हापासून बोळात उभी होती, त्याला कळलं नव्हतं.

“अडेल, मी नडीन,” ती म्हणाली. “तो इथेच आहे. त्याला सगळं ऐकू येतंय. तू बोल.”

आणि तिने रिसीव्हर त्याच्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला.